प्रतिरक्षान्यून व्यक्तींतील त्वचेचे गंभीर जंतुसंसर्ग

प्रतिरक्षान्यून व्यक्तींतील त्वचेचे गंभीर जंतुसंसर्ग : ज्यांची रोगप्रतिकारशक्ती जन्मतः, रोगामुळे अथवा औषधोपचारामुळे दुर्बल झालेली आहे अशा व्यक्तींच्या त्वचेत, त्वचेखालील ऊतकात (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या समूहात) किंवा स्नायूंवरील आवरणात सूक्ष्मजंतू शिरून जे जीवघेणे विकार उद्भवतात, त्यांचा या वर्गात समावेश होतो. केसतूड, गळू, पायाच्या बोटांमधील भेग किंवा काटा बोचल्याने झालेली जखम या निरोगी माणसाच्या दृष्टीने किरकोळ बाबी होत. प्रतिरक्षान्यून व्यक्तीत मात्र त्याच वाटेने शिरलेले जंतू काही तासांत खोलवर पसरतात व रक्तात पोहोचून सर्व शरीरास ग्रासतात. उलटपक्षी, रक्तात आधीच पसरलेल्या संसर्गाची पहिली खूण त्वचेवरील एखाद्या लहानशा डागाच्या रूपाने प्रकट होते. या विकारांचे सर्वांत महत्त्वाचे लक्षण म्हणजे त्यांचे बाह्य स्वरूप आणि त्यांची खरी गंभीरता यांत मेळ नसतो. यामुळे निदानास उशीर होतो व हा उशीरच बहुधा रुग्णाच्या मृत्यूस कारणीभूत होतो.

शोथाच्या चिन्हांचा अर्थ : लाली, सूज, उष्णता व वेदना ही शोथाची (दाहयुक्त सुजेची) चार प्रमुख चिन्हे पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार सेल्सस यांनी नोंदविली आहेत. सुश्रुतसंहितेत व्रणशोथाच्या आम, पच्यमान व पक्व अशा तीन अवस्था सांगून त्या ओळखण्यात चूक करणाऱ्या वैद्यास दोष दिलेला आहे. ही चिन्हे जंतूंनी निर्माण केलेली आहेत, असे वरवर पाहता वाटते. प्रत्यक्षात ती बहुतांशी शरीराच्या प्रतिकाराची चिन्हे होत. जंतूंचा प्रवेश होताच त्या जागेतील रक्तवाहिन्या विस्फारतात व तेथे रक्ताचा पुरवठा वाढतो, म्हणून लाली व उष्णता येते. वाहिन्यांच्या भित्तींतून रक्तद्रव व श्वेत कोशिका बाहेर पडतात, म्हणून सूज येते. पू म्हणजे जंतूंशी लढताना मृत झालेल्या श्वेत कोशिका, मृत ऊतक व जंतू यांचे मिश्रण होय. ज्या शरीरात श्वेत कोशिकाच उरलेल्या नाहीत, तेथे पू होऊ शकत नाही आणि लाली व सूजही अल्प राहते. म्हणून अशा रुग्णाच्या त्वचेवर चिन्हे सौम्य असणे हे रोग सौम्य असल्याचे लक्षण नसून कित्येकदा प्रतिकार संपल्याचे लक्षण असते.

त्वचेची संरक्षक यंत्रणा : प्रौढ व्यक्तीच्या त्वचेचे क्षेत्रफळ सु. दीड ते दोन चौ. मी. असते. तिच्या पृष्ठभागावरील मृत, चपट्या व केराटीन या प्रथिनाने भरलेल्या कोशिकांचा थर जंतूंना सहसा भेदता येत नाही. घाम व त्वक्‌स्नेह यांमुळे पृष्ठभाग किंचित अम्लीय राहतो. त्यावर कायम वास्तव्य करणारे निरुपद्रवी जंतू परक्या जंतूंना जागा मिळू देत नाहीत. बाह्यत्वचेतील कोशिका जंतुनाशक पेप्टाइडे तयार करतात. जर्मन शास्त्रज्ञ पाउल लांगरहान्स यांनी १८६८ मध्ये वर्णिलेल्या बाह्यत्वचेतील शाखायुक्त कोशिका परकी द्रव्ये ओळखून लसीका कोशिकांना त्यांची वर्दी देतात.

हा तट फुटल्यावर धावून येणाऱ्या कोशिकांत उदासीनरंजी श्वेत कोशिका अग्रभागी असतात. अस्थिमज्जेत त्या दररोज सु. १०० अब्ज एवढ्या संख्येने तयार होतात व रक्तप्रवाहात केवळ काही तास राहतात. त्यामुळे मज्जेचे कार्य थांबताच त्यांचा साठा झपाट्याने आटतो. कोशिका जंतूंना गिळून नष्ट करतात, ही घटना रशियन शास्त्रज्ञ ईल्या म्येच्‌निकॉव्ह यांनी १८८२ पासून केलेल्या संशोधनाने प्रस्थापित झाली व त्यांना १९०८ चे नोबेल पारितोषिक पाउल एर्लिख यांच्यासमवेत मिळाले. प्रतिपिंडे (विशिष्ट परक्या द्रव्यांविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रथिने), रक्तद्रवातील पूरक प्रथिने आणि टी लसीका कोशिका हे या यंत्रणेचे इतर घटक होत.

प्रतिरक्षा दुर्बल होण्याची कारणे : (१) जन्मजात कारणे : ही विरळ असली, तरी त्यांच्या अभ्यासामुळे त्वचेच्या संरक्षणात कोणता घटक काय कार्य करतो यावर प्रकाश पडला आहे. चिरकारी (दीर्घकालीन) कणार्बुदी रोगात भक्षी कोशिका जंतूंना गिळतात. परंतु त्यांना मारण्यासाठी लागणारी ऑक्सिजनयुक्त द्रव्ये त्यांना तयार करता येत नाहीत. अशा मुलांना पुंजगोलाणू व सेराशिया या जंतूंची गळवे वारंवार होतात. श्वेत कोशिकांच्या आसंजनातील (वाहिनीच्या भित्तीस चिकटण्यातील) दोषामुळे त्या कोशिका रक्तात विपुल असूनही ऊतकात उतरू शकत नाहीत. अशा अर्भकाची नाळ उशिरा गळून पडते व त्याच्या जखमांत पू होत नाही. या विकाराच्या दुसऱ्या प्रकारातील रुग्णांचा रक्तगट ‘बाँबे’ हा असतो. हा दुर्मिळ गट य. मो. भेंडे व त्यांचे सहकारी यांनी १९५२ मध्ये मुंबईत शोधून काढला होता. ज्या शर्करेच्या अभावी हा रक्तगट निर्माण होतो, तिच्याच अभावी या रुग्णांच्या श्वेत कोशिका वाहिन्यांच्या भित्तींना धरू शकत नाहीत. १९६६ मध्ये वर्णन झालेल्या व बायबलातील जोब या पीडित पुरुषाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लक्षणसमूहात त्वचेवर मोठी गळवे होतात. परंतु ती लाल, उष्ण वा दुखरी नसल्याने त्यांना ‘थंड गळवे’ म्हणतात.

(२) संपादित कारणे : व्यवहारात हीच अधिक आढळतात. श्वेतकोशिकार्बुद (रक्ताचा कर्करोग) व त्यावरील रासायनिक चिकित्सा, अवयव व अस्थिमज्जा यांचे प्रतिरोपण, कॉर्टिकोस्टेरॉइडे व इतर प्रतिरक्षादमनकारी औषधे, एचआयव्ही या व्हायरसाचा संसर्ग, मधुमेह, यकृत्‌ सूत्रण रोग, दीर्घकालीन वृक्कविकार (मूत्रपिंडाचा विकार), कुपोषण, मद्यासक्ती, विस्तृत भाजणे आणि वार्धक्य यांचा त्यांत समावेश होतो. एकाच रुग्णात दोनतीन कारणे एकत्र आढळणे नेहमीचे आहे. प्रतिकारशक्तीचा जो घटक उणा असतो, त्यावरून कोणते जंतू आक्रमण करतील याचा अंदाज बांधता येतो. उदासीनरंजी कोशिका घटल्या असता स्यूडोमोनस, पुंजगोलाणू व आतड्यातील दंडाणू, टी लसीका कोशिका घटल्या असता नोकार्डिया, बार्टोनेला व क्षयजंतूंच्या वर्गातील इतर जंतू, तर यकृत विकारात व्हिब्रिओ या जंतूंचा विशेष धोका असतो.

उदासीनरंजी कोशिकांची न्यूनता व कोथयुक्त व्रण : निरोगी व्यक्तीच्या रक्तात या कोशिका दर घन मिमी. मध्ये सर्वसाधारणतः १,५०० ते ८,००० असतात. श्वेतकोशिकार्बुदाच्या रुग्णांतील त्यांची संख्या व संसर्गाचे प्रमाण यांचा परस्परसंबंध अमेरिकेतील जेराल्ड बोडी व त्यांचे सहकारी यांनी १९६६ मध्ये मोजून दाखविला. संख्या १,००० च्या खाली गेल्यावर धोका वाढू लागतो; ५०० च्या खाली तो तीव्र होतो आणि १०० च्या खाली अत्यंत गंभीर होतो. संख्या किती काळ कमी राहते यालाही तितकेच महत्त्व आहे. कर्करोगावरील बहुसंख्य औषधांनंतर ही संख्या सु. एक ते दोन आठवड्यांनी नीचांक गाठते. त्या सुमारास रुग्ण पुष्कळदा रुग्णालयातून घरी परतलेला असतो.

या अवस्थेतील विशेष महत्त्वाचा त्वचाविकार म्हणजे एक्थायमा गँग्रीनोझम अर्थात कोथयुक्त व्रण होय. त्याचा प्रमुख कारक जंतू स्यूडोमोनस एरुजिनोझा हा दंडाणू ओलसर जागी, मोरीत, नळाच्या तोंडाशी, फुलदाणीतील पाण्यात व रुग्णालयातील उपकरणांत सहज वाढतो. जखमांच्या पट्ट्यांना निळा-हिरवा रंग आणणारा हा जंतू फ्रान्समधील कार्ल गेसार यांनी १८८२ मध्ये वेगळा केला. त्याच्या रक्तसंसर्गाशी निगडित असलेल्या त्वचाव्रणाचे वर्णन १८९७ मध्ये प्रसिद्ध झाले.

व्रणाचा आरंभ लहानशा, बहुधा न दुखणाऱ्या लाल डागाने होतो. जांघ, ढुंगण, गुदद्वाराभोवतालचा भाग, काख आणि हातपाय या त्याच्या नेहमीच्या जागा होत. १२ ते २४ तासांत डाग उंचावतो, त्यावर रक्तमिश्रित द्रवाचा फोड येतो, तो फुटतो आणि मध्यभागी करडी-काळी मृत खपली व तिच्याभोवती लाल कडे असे रूप दिसू लागते. पू जवळजवळ नसतो. जंतू लहान नीला व रोहिण्या यांच्या भित्तींत बाहेरील बाजूने शिरून बेसुमार वाढतात. त्यांचे बहिर्विष व स्थितिस्थापक तंतू विरघळविणारे एंझाइम यांमुळे भित्ती नष्ट होतात, रक्तपुरवठा तुटतो व त्या भागापुरती त्वचा मरते. सूक्ष्मदर्शकाखाली जंतूंची दाटी व श्वेत कोशिकांचा अभाव असे दृश्य दिसते. हा व्रण बहुधा रक्तातील संसर्गाचा परिणाम असतो. क्वचित जंतू थेट त्वचेतून शिरून तो उद्भवतो व तेव्हा रोगाचा शेवट तुलनेने बरा होतो. एरोमोनस, क्लेब्सिएला, पुंजगोलाणू तसेच काही कवके यांमुळेही हुबेहूब असाच व्रण होऊ शकतो. म्हणून केवळ रूपावरून कारक जंतू ठरविता येत नाही. पूर्वी निरोगी मानलेल्या बालकात असा व्रण आढळल्यास त्याच्या प्रतिरक्षेत जन्मजात दोष आहे काय, हे तपासून पाहणे आवश्यक ठरते.

मधुमेह : भारतातील परिस्थितीत या विषयाचे सर्वांत व्यापक अंग मधुमेह हे आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सु. १०.१ कोटी व्यक्ती मधुमेही आहेत. मधुमेह व त्वचेचे पूययुक्त विकार यांचा संबंध प्राचीनांना परिचित होता. चरक व सुश्रुत या दोन्ही संहितांत प्रमेहाच्या रुग्णांना होणाऱ्या ‘प्रमेहपिडकां’चे प्रकार वर्णिले आहेत.

रक्तातील शर्करा दीर्घकाळ वाढलेली राहिल्यास श्वेत कोशिकांची हालचाल व जंतू मारण्याची क्षमता मंदावते. लहानमोठ्या रोहिण्या अरुंद होऊन पायाचा रक्तपुरवठा घटतो. संवेदी तंत्रिकांची (मज्जातंतूंची) हानी होऊन पाय बधिर होतात. या तिन्ही दोषांची परिणती मधुमेही पायाच्या विकारांत होते. घट्ट चपलेने झालेला फोड, उन्हात तापलेल्या फरशीवर अनवाणी चालल्याने बसलेला चटका, घरच्या घरी ब्लेडने कापलेले कुरूप किंवा पावसाळ्यात बोटांमध्ये झालेल्या चिखल्या यांतून जंतू आत शिरतात. वेदना होत नसल्याने रुग्ण चालत राहतो. दुर्गंधी किंवा मोज्यावरील डाग हीच पुष्कळदा पहिली खूण ठरते. तोवर संसर्ग स्नायुबंधांच्या (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांसारख्या ऊतकांच्या) आवरणांतून तळव्यात व हाडांपर्यंत पोहोचलेला असतो. पाय वा पायाचा भाग कापावा लागण्याच्या कारणांत अशा व्रणांना प्रमुख स्थान आहे. मानेमागील मोठी काळपुळी व कानाचा स्यूडोमोनसजन्य मारक शोथ हे विकारही मधुमेहींत विशेषेकरून आढळतात. [→ मधुमेह].

मधुमेहींना ग्रासणारा आणखी एक रोग म्हणजे मेलिऑयडोसीस. तो भातखाचरांच्या चिखलात व साचलेल्या पाण्यात राहणाऱ्या बर्कहोल्डेरिया स्यूडोमॅलेई या जंतूमुळे होतो. आल्फ्रेड व्हिटमोर व सी. एस. कृष्णस्वामी यांनी त्याचे वर्णन रंगून येथील रुग्णांवरून १९१२ मध्ये केले. भारताच्या पश्चिम किनारपट्टीवर, विशेषतः कर्नाटकात, त्याचे रुग्ण पावसाळ्यात आढळतात. त्वचेवरील गळू, फुप्फुसशोथ व यकृत-प्लीहा यांतील गळवे अशी त्याची अनेक रूपे असून क्षयरोग म्हणून त्याची गल्लत होते.

मारक प्रावरणीशोथ : यात जंतू त्वचेखालील मेद आणि स्नायूंवरील प्रावरणी (तंतुमय पातळ आवरण) यांच्या पातळीत आडवे पसरतात. तेथील वाहिन्यांत रक्त साखळते व वरची त्वचा मागाहून मरते. म्हणजे त्वचेवर दिसणारा भाग हा रोगाच्या विस्ताराचा लहानसा अंश असतो. अमेरिकन यादवी युद्धातील जखमींत आढळलेल्या अशा ‘रुग्णालयी कोथा’चे वर्णन जोसेफ जोन्स यांनी १८७१ मध्ये केले. फ्रँक मेलेनी यांनी १९२४ मध्ये पीकिंग येथील रुग्णांत मालागोलाणू हे त्याचे कारण असल्याचे दाखविले. आजचे नाव बी. विल्सन यांनी १९५२ मध्ये रूढ केले. जननेंद्रियांच्या भागातील प्रकारास झां आल्फ्रेड फूर्न्ये यांचे नाव दिलेले आहे. १८८३ मध्ये त्यांनी तो तरुण व निरोगी पुरुषांत आढळल्याचे लिहिले होते. आज मात्र त्याचे रुग्ण बहुतेक करून मधुमेही, मद्यासक्त वा प्रतिरक्षान्यून असतात.

निरोगी व्यक्तीत हा रोग बहुधा एकट्या मालागोलाणूंमुळे होतो. प्रतिरक्षान्यून व मधुमेही रुग्णांत तो ऑक्सिजनाशिवाय वाढणाऱ्या जंतूंसह अनेक जंतूंच्या मिश्रणाने होतो. दिसणाऱ्या चिन्हांच्या मानाने असह्य वाटणारी वेदना ही त्याची आरंभीची खूण होय. नंतर त्वचा ताणलेली, जांभळट व फोडांनी व्याप्त होते. वेदना जाऊन त्या जागी बधिरता येते. दाबल्यास काही वेळा त्वचेखाली वायूची करकर जाणवते. रक्तदाब घसरून अवसाद होतो. बधिर पायाच्या मधुमेही रुग्णास ही वेदनाही जाणवत नाही व कॉर्टिकोस्टेरॉइडे घेणाऱ्या रुग्णास ताप येत नाही. योग्य उपचार होऊनही या रोगातील मृत्यूचे प्रमाण सु. २० ते ३० टक्के असते आणि शस्त्रक्रियेस झालेल्या विलंबाबरोबर ते वाढते.

यकृत विकार व सागरी जंतू : व्हिब्रिओ व्हल्निफिकस हा पटकीच्या जंतूचा सगोत्र दंडाणू उबदार व मचूळ समुद्रपाण्यात राहतो. १९७० नंतरच्या दशकात तो स्वतंत्र जंतू म्हणून ओळखला गेला. कच्ची कालवे खाल्ल्याने किंवा जखमेस समुद्राचे पाणी लागल्याने त्याचा संसर्ग होतो. यकृत्‌ सूत्रण रोगात आतड्यातून येणारे जंतू गाळण्याचे यकृताचे कार्य बिघडते व रक्तातील मोकळे लोह वाढते. हे लोह या जंतूच्या वाढीस अत्यंत पोषक असते. संसर्गानंतर एकदोन दिवसांत पायांवर रक्ताने भरलेले मोठे फोड येतात. रक्तसंसर्ग झालेल्यांपैकी सु. निम्मे रुग्ण दगावतात. अमेरिकेतील कॅट्रिना चक्रीवादळानंतर (२००५) पुराच्या पाण्यातून वावरलेल्या जखमी लोकांत व्हिब्रिओ संसर्गाचे रुग्ण आढळले होते.

मंदगती संसर्ग : सर्वच संसर्ग वेगाने वाढतात असे नाही. टी लसीका कोशिकांच्या न्यूनतेत आठवडे वा महिने चालणारे विकार उद्भवतात. एड्‌सच्या रुग्णांत १९८३ मध्ये प्रथम वर्णिलेला दंडाणुजन्य वाहिनीविकार लालसर, सहज रक्तस्राव होणाऱ्या गाठींच्या रूपाने दिसतो. त्याचे कारण असणारा बार्टोनेला हा जंतू मांजरांच्या पिसवा किंवा माणसाच्या अंगावरील उवा यांद्वारे पसरतो. एडमंड नोकार यांच्या नावाने ओळखला जाणारा नोकार्डिया हा मातीतील जंतू फुप्फुसातून त्वचेत व मेंदूत पोहोचतो. प्रतिरोपणाच्या रुग्णांत शीघ्र वाढणाऱ्या मायकोबॅक्टीरियांच्या गाठी पायांवर एका ओळीत उमटतात. हे सर्व विकार साध्या गळवावरील उपचारांना दाद देत नाहीत व बराच काळ अनोळखी राहतात.

निदान : प्रतिरक्षान्यून रुग्णात ३८·३° से. वा अधिक ताप एकदा आला किंवा ३८° से. ताप तासभर टिकला, तरी तो तातडीचा प्रसंग समजला जातो. अशा वेळी सर्व त्वचेची पाहणी करतात. काख, जांघा, गुदद्वाराभोवतालचा भाग, बोटांच्या बेचक्या, नखांच्या कडा आणि नीलेत बसविलेल्या नळीची जागा या भागांकडे विशेष लक्ष देतात. गुदद्वारात बोट घालून तपासणे मात्र या रुग्णांत टाळतात, कारण त्यामुळे जंतू रक्तात शिरण्याचा संभव असतो. जंतुनाशक औषध देण्यापूर्वी रक्ताचे संवर्धनासाठी नमुने घेतात. संशयास्पद डागाची जीवोतक परीक्षा (ऊतकाचा तुकडा काढून केलेली तपासणी) लवकर करतात. त्या तुकड्याचा एक भाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी व दुसरा जंतू, मायकोबॅक्टीरिया आणि कवके यांच्या संवर्धनासाठी पाठवितात. ग्रॅम रंजनाने काही मिनिटांतच जंतूंचा वर्ग कळू शकतो. प्रावरणीशोथाचा संशय असता क्ष-किरण व इतर प्रतिमांकन तपासण्या उपयोगी पडतात. परंतु त्यांच्यासाठी शस्त्रक्रिया लांबणीवर टाकत नाहीत. लहान छेद घेऊन प्रावरणी करडी व निर्जीव दिसते काय आणि बोटाने ऊतकांचे थर सहज सुटे होतात काय, हे पाहणे हाच निर्णायक पुरावा होय.

चिकित्सा : १९६० च्या दशकापर्यंत कारक जंतू निश्चित झाल्यावरच औषध निवडावे अशी पद्धत होती. संवर्धनाचा निष्कर्ष मिळण्यास दोनतीन दिवस लागत. स्यूडोमोनसचा रक्तसंसर्ग झालेले श्वेतकोशिकार्बुदाचे पुष्कळ रुग्ण तेवढा काळ जगत नसत. अमेरिकेतील बॉल्टिमोर येथील स्टीव्हन शिंफ व त्यांचे सहकारी यांनी १९७१ मध्ये कार्बेनिसिलीन व जेंटामायसीन ही औषधे ताप येताच, जंतू ज्ञात होण्यापूर्वीच, देण्याच्या पद्धतीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले व ती पद्धत सर्वत्र रूढ झाली. आज अशा रुग्णास शक्यतो एका तासाच्या आत स्यूडोमोनसविरुद्ध प्रभावी औषध नीलेतून देतात. त्यासाठी पिपरॅसिलीन-टाझोबॅक्टम, सेफेपीम किंवा मेरोपेनेम यांसारखी औषधे वापरतात. त्वचेत वा नळीच्या जागी संसर्ग दिसत असल्यास प्रतिरोधी पुंजगोलाणूंविरुद्ध व्हँकोमायसीनही देतात. संवर्धनाचा निष्कर्ष मिळाल्यावर औषधांची संख्या व व्याप्ती कमी करतात. मालागोलाणूंच्या प्रावरणीशोथात पेनिसिलिनाच्या जोडीने विषनिर्मिती रोखणारे क्लिंडामायसीन देतात.

प्रावरणीशोथात केवळ औषधांनी रोग आटोक्यात येत नाही, कारण मृत ऊतकात रक्त नसल्याने औषधही पोहोचत नाही. सर्व निर्जीव भाग निरोगी ऊतक दिसेपर्यंत तातडीने कापून काढावा लागतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहावा लागतो व गरजेप्रमाणे हा क्रम चालू ठेवावा लागतो. उघड्या राहिलेल्या भागावर नंतर त्वचारोपण करतात. प्रतिरक्षेतील दोष दूर करणे हाही चिकित्सेचा आवश्यक भाग आहे. त्यासाठी शक्य असल्यास प्रतिरक्षादमनकारी औषधांची मात्रा कमी करतात, इन्शुलिनाने रक्तशर्करा नियंत्रित करतात व निवडक रुग्णांत अस्थिमज्जेला चेतना देणारा, १९९१ पासून उपलब्ध झालेला, कणकोशिका-वर्धक घटक देतात. एचआयव्ही बाधितांसाठी व्हायरसरोधी औषधे भारतात शासनातर्फे १ एप्रिल २००४ पासून विनामूल्य देण्यास आरंभ झाला. अशा उपचारांनी टी लसीका कोशिकांची संख्या वाढली, की वर सांगितलेले मंदगती संसर्ग विरळ होतात.

प्रतिजैव पदार्थांना न जुमानणारे जंतू ही या चिकित्सेपुढील मोठी अडचण आहे. मेथिसिलिनास प्रतिरोधी पुंजगोलाणू ब्रिटनमध्ये १९६१ मध्ये प्रथम नोंदविले गेले. त्यानंतर भारतातील रुग्णालयांतून कार्बापेनेम गटातील औषधांनाही प्रतिरोध करणारे क्लेब्सिएला, स्यूडोमोनस इ. जंतू मोठ्या प्रमाणावर आढळू लागले आहेत. जंतू ओळखण्यापूर्वी दिलेले औषध अशा वेळी निरुपयोगी ठरते. सर्दीपडशासारख्या विकारांत प्रतिजैव पदार्थांचा अनावश्यक वापर केल्याने निर्माण होणाऱ्या या प्रतिरोधाची झळ सर्वप्रथम प्रतिरक्षान्यून रुग्णांना पोहोचते. [→ प्रतिजैव पदार्थ].

प्रतिबंध : रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्यांनी हात धुणे हा सर्वांत साधा व परिणामकारक उपाय होय. उदासीनरंजी कोशिका कमी असलेल्या रुग्णाच्या खोलीत ताजी फुले व साचलेले पाणी ठेवत नाहीत. त्याची त्वचा कोरडी पडून भेगाळू नये म्हणून स्निग्ध मलम लावतात आणि वस्तऱ्याने दाढी करणे, नखाची कातडी कापणे व स्नायूत अंतःक्षेपण (इंजेक्शन) देणे टाळतात. काही जन्मजात विकारांत व एचआयव्ही बाधितांत ट्रायमेथोप्रिम-सल्फामेथॉक्साझोल हे औषध प्रतिबंधासाठी नियमित देतात. यकृत विकार असलेल्यांनी कच्ची वा अर्धवट शिजविलेली कालवे व शिंपल्यांतील जीव खाऊ नयेत आणि अंगावर जखम असता समुद्रात वा खाडीत उतरू नये. भातखाचरात काम करणाऱ्या मधुमेही व्यक्तींनी गमबूट वापरावेत. मधुमेहींनी अनवाणी चालू नये, रोज रात्री दोन्ही तळपाय व बोटांच्या बेचक्या उजेडात पाहाव्यात व कुरूप स्वतः कापू नये. दृष्टी मंद असल्यास पाहणीचे काम आरशाच्या साहाय्याने किंवा घरातील दुसऱ्या व्यक्तीकडून करून घ्यावे. रासायनिक चिकित्सा घेऊन घरी परतलेल्या रुग्णाने ताप वा त्वचेवरील नवा डाग दिसताच, तो दुखत नसला तरी, त्याच दिवशी वैद्यास दाखविणे आवश्यक असते. कारण अशा रुग्णात डाग दुखू लागण्याची किंवा पिकण्याची वाट पाहण्यात उपचारांचा मोलाचा वेळ निघून जातो.